कुंभारणीचं बिऱ्हाड

गाडी बर्निसची. बर्निस नर्स आहे.
दर सोमवारी चार्टर्स टॉवर्सहून निघते,
दोनशे किलोमीटर लाल धूळ खात
गुरांच्या वाड्यांवरच्या बाळांना लसी टोचायला.
म्हणाली, पेट्रोल भरायला लागलं
की अर्ध्या लिटरला पंपाची नळी टक् करून थांबते.
पुन्हा दाबा. पुन्हा टक्.
मागे रांग. इथे कुणी हॉर्न वाजवत नाही,
नुसते बघत राहतात. ते जास्त लागतं.

शिवाय तीन आठवडे तो पिवळा दिवा.
टाउन्सव्हिलवाल्यांनी झाकण बदललं,
मग इंजिनाजवळची झडप बदलली,
मग बिल दिलं.
दिवा जागचा हलला नाही.

ग्लेनिसने संगणक जोडला, आकडा वाचला.
'टविता, आकडा गल्ली सांगतो, घर नाही,'
असं म्हणाली आणि आकडा पुसलाही नाही.
झाकणाला कान लावून ते सावकाश सैल केलं.
हुस्स.
बाहेर नाही. आत.
किती वेळ आतच जात राहिला तो आवाज!
माझ्या मामाला दमा होता;
मी मान फिरवली.

धुराचं यंत्र मी जोडलं.
वाफेच्या नळ्यांत पांढरा धूर सोडायचा
आणि जिथून निघेल तिथे चोर.
टॉर्च घेऊन गाडीखाली उताणा पडलो,
जोड न् जोड पाहिला, रबर न् रबर.
कुठे काही नाही. मी खूश:
गळत नाही, म्हणजे ठणठणीत!
ग्लेनिस म्हणाली, 'मागची झडप मी उघडीच ठेवलीय.
धूर यायलाच हवा होता.'

एवढं बोलून ती चहा करायला गेली.

मला जरा वेळ लागला.
गळणं हा एक आजार. न सुटणं हा दुसरा.
टाकी तापली की वाफ सुटते,
कोळशाच्या डब्यात मुक्कामाला थांबते,
इंजिन ती तिथून ओढून पिऊन टाकतं
आणि तिच्या जागी बाहेरची हवा आत येते.
बाहेरची हवा कुठून येते?
हे मला दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मागच्या चाकाच्या आड, डब्याच्याही पुढे,
करंगळीएवढी नळी, तोंड खाली.
बोट लावलं. माती.
लाल, गुळगुळीत, आतून थापलेली,
मडक्याच्या काठासारखी नेमकी.
कुंभारीण माशी.

सुईने अलगद उकरली.
एकामागे एक तीन खोल्या,
प्रत्येकीत कोळी कोंबलेले, मेलेले नाहीत, नुसते निजवलेले,
आणि त्यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढं
एक पिवळट, हलणारं.
बर्निसने चष्मा लावून पाहिलं.
'महिन्याचं असेल का?' तिने विचारलं,
जसं ती आयांना विचारते.
कुणालाच माहीत नव्हतं.

नळी धुतली, फुंकून घेतली.
ग्लेनिसने स्वतःच्या चहाच्या गाळणीची जाळी कापून
तोंडावर बसवली, तारेने आवळली.
(त्या दिवसापासून चहात पत्ती येते.)
आकडा आता पुसला.
समोरच्या पंपावर टाकी एका दमात भरली,
एकदाच टक्, तेही काठोकाठ झाल्यावर.

बर्निसची गाडी अजून आवारातच होती
तेव्हा ती आली, कमरेत बारीक, लांब तंगड्यांची,
तोंडात ओल्या मातीची गोळी.
मागच्या चाकाशी घुटमळली,
जाळीवर बसली, उठली, पुन्हा बसली.
गाडी सुरू झाली तशी वर गेली
आणि नळीएवढ्याच उंचीवर, रिकाम्या हवेत,
बराच वेळ शोधत राहिली.

मी बिल लिहायला बसलो.
दोष: या रकान्यात काय लिहू, विचारलं.
'चिखल,' ग्लेनिस म्हणाली. 'एक तास.
आणि गाळणीचे पैसे लावू नकोस.'